बिनतारी स्पीकरची पारख, आपल्या घरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीत आणि लग्नसराईत लोक नवा स्पीकर पिशवीत घालून येतात आणि म्हणतात, "भाऊ, दुकानात मस्त वाजत होता, घरी मजाच येत नाही." बहुतेक वेळा स्पीकर चांगलाच असतो, पण त्याची परीक्षा चुकीच्या जागी झालेली असते. शहरातल्या दुकानात गालिचा असतो, एसी असतो, खिडक्या बंद असतात. आपल्याकडे वर टिना किंवा कवेलू, समोर कूलर आणि लाईनचा भरवसा नाही. तेच तेच प्रश्न रोज येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

उचलता येणारं होम थिएटर म्हणजे नेमकं काय घ्यायचं असतं?

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, बॅटरीवरच्या दोन सारख्या ब्लूटूथ स्पीकरची जोडी, एक डावा आणि एक उजवा. दुसरा, टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार, ज्याचे दोन्ही टोकांचे छोटे स्पीकर निघतात आणि बॅटरीवर वेगळे चालतात. तिसरा, टीव्हीला जोडायची एक डबी आणि तिच्याकडून बिनतारी आवाज घेणारे दोन किंवा चार स्पीकर. तिसऱ्या प्रकारात एक गोष्ट विचारूनच घ्या. 'वायरलेस' म्हणजे आवाजाची वायर नाही एवढंच. कित्येक संचांत प्रत्येक स्पीकरला विजेची वायर लागतेच. चार स्पीकर म्हणजे चार प्लग, आणि आपल्या बैठकीत बोर्डावर दोनच सॉकेट असतात.

पहिली चाचणी कोणती करू? गाणं वाजवून पाहू का?

गाणं नंतर, आधी शब्द. आपल्या घरात स्पीकरसमोर सर्वांत जास्त वेळ बसतात ते म्हातारे लोक, आणि त्यांची तक्रार एकच असते: "आवाज येते, पण बोलते काय ते समजत नाही." ही तक्रार खरी आहे, तिला कारण आहे. बोलण्यातले स्वर जाड आणि मोठे असतात, व्यंजनं बारीक असतात. 'आ' दूरवर जातो, 'स', 'त', 'फ' वाटेतच विरतात. वय झालं की कान नेमका उंच पट्टीचा आवाज आधी सोडतो. वरून खर्ज (बेस) वाढवलेला स्पीकर आणला तर उरलंसुरलं बोलणंही त्याखाली दबतं.

म्हणून ही चाचणी करा. घरातल्या कोणालाही शांत खोलीत मोबाइलवर वीस शब्द रेकॉर्ड करायला सांगा, एका अक्षराच्या फरकाचे आणि क्रम विस्कटलेले: खाट, ताट, पाट, लाट, वाट, तूर, सूर, पूर, दूर, चूर, माळ, जाळ, गाळ, टाळ, काळ, असे. दोन शब्दांत तीन सेकंद थांबा. मग स्पीकर टीव्हीजवळ ठेवून हे रेकॉर्डिंग लावा आणि मायला किंवा आबाजीला नेहमीच्या खाटेवर बसवून ऐकू आलेला शब्द म्हणायला सांगा. तुम्ही कागदावर खुणा करा. माझा हिशेब असा: वीसपैकी सतराच्या वर बरोबर आले तर स्पीकर आणि जागा दोन्ही ठीक. बारा-तेराच आले तर आधी खर्ज कमी करा, मग जागा बदला आणि पुन्हा घ्या. वाक्य वापरू नका. वाक्यात माणूस अंदाजानं शब्द भरतो आणि परीक्षा खोटी ठरते.

बहुतेक स्पीकरच्या ॲपमध्ये किंवा रिमोटवर 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाची सोय असते. ती चालू करून हेच वीस शब्द पुन्हा लावा. काही संचांत फरक लगेच दिसतो, काहींत आवाज नुसता कर्कश होतो.

कूलर चालू असला की काहीच ऐकू येत नाही. मोठा स्पीकर घेऊ का?

घाई करू नका. आपल्याकडे मार्चच्या शेवटापासून पावसापर्यंत कूलर चालतो. म्हणजे वर्षातले अडीच-तीन महिने हाच खरा प्रश्न आहे, आणि स्पीकर जानेवारीत घेतला तर तो ध्यानातच येत नाही. जानेवारीत घेतला तरी चाचणी कूलर लावूनच करा, पाणी न घालता त्याचा नुसता पंखा फिरला तरी पुरे.

बोलणं विनासायास समजायचं तर ते गोंगाटाच्या दहा ते पंधरा डेसिबल वर असावं लागतं. मोबाइलवर डेसिबल दाखवणारी ॲप असतात. फायफॉक्स नावाचं एक फुकट ॲप जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या लोकांनी शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी बनवलं आहे, तेही चालतं. मोबाइलचा माइक तंतोतंत मोजत नाही, म्हणून आकड्यावर जाऊ नका, दोन आकड्यांतला फरक पाहा. खाटेवर फोन ठेवून आधी नुसता कूलर मोजा, मग कूलर बंद करून नुसत्या बातम्या मोजा. बातम्या कूलरपेक्षा दहानं जास्त भरल्या पाहिजेत.

नाही भरल्या तर वॅट वाढवण्याआधी स्पीकर उचला. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. तेवढाच आवाज यंत्रातून वाढवायचा तर चौपट ताकद लागते. टीव्ही बारा फुटांवर आहे आणि स्पीकर खाटेपासून तीन फुटांवर आणला, तर दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा डेसिबल, म्हणजे सोळापट वॅटचं काम. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून फायदा थोडा कमी भरतो. पण कूलरसाठी आपण दार-खिडक्या उघड्याच ठेवतो, त्यामुळे हा हिशेब आपल्या घरात बराच खरा उतरतो. स्पीकर उचलता येतो याचा मला दिसलेला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. आमच्या घरी एक स्पीकर टीव्हीखाली असतो आणि दुसरा मायच्या उशाशी, स्टुलावर. तेव्हापासून टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांच्या घरात जाणं बंद झालं.

कूलरच्या झोतात मात्र स्पीकर ठेवू नका. ओलाव्यानं चार्जिंगची पिन गंजते.

डब्यावर 'एक हजार वॅट' लिहिलं आहे, खरं का?

त्यापुढे 'पीएमपीओ' लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या, त्याला कोणतंही ठरलेलं माप नाही. 'आरएमएस' शोधा, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद. आणि ताकद दुप्पट झाली तरी आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. वीस वॅटचा सोडून चाळीसचा घेतला तर तेवढ्यानं घरात फारसा फरक कळणार नाही.

ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. बिघाड आहे का?

बिघाड नाही, ब्लूटूथचा स्वभाव आहे. टीव्ही आवाजाची गाठोडी बांधतो, पाठवतो, स्पीकर ती साठवतो, सोडतो आणि मग वाजवतो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत यात दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा टीव्ही सत्तर मीटर लांब, धुऱ्यापलीकडे (शेताच्या बांधापलीकडे) ठेवल्यासारखा आहे. नाल्यापलीकडे कोणी कुऱ्हाड चालवत असलं की घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तसंच. आवाज मागून येण्याची आपल्या कानाला सवय असते म्हणून थोडा उशीर तो खपवून घेतो. आवाज आधी आला तर मात्र लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच दिसतं: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतं, मागे पडलेला मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो.

मोजायचं कसं? कोणाला तरी समोर उभं करून दहा टाळ्या वाजवायला लावा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. तो पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावा. आता दुसऱ्या मोबाइलनं टीव्हीच्या पडद्याचा व्हिडिओ सेकंदाला ६० चित्रांच्या सेटिंगवर काढा, आवाजासकट. मग तो व्हिडिओ एखाद्या एडिटिंग ॲपमध्ये उघडून एकेक चित्र पुढे सरकवा. हात जुळले ते चित्र आणि आवाजाच्या पट्टीवर टोक उठलं ते चित्र, यांतली चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. सात चित्रांपर्यंत ठीक. दहाच्या वर गेलं तर सिनेमा पाहताना डोकं दुखेल.

एक फसगत सांगतो. मोबाइलवर सिनेमा लावून स्पीकर तपासला तर ओठ-आवाज जुळलेले दिसतात, कारण मोबाइलमधले व्हिडिओ ॲप स्पीकरचा उशीर ओळखून चित्रच थोडं थांबवतात. टीव्ही हे करेलच असं नाही. दुकानात मोबाइलवर पास झालेला स्पीकर घरी टीव्हीवर नापास होतो तो यामुळेच. शिवाय टीव्हीतलं 'ऑडिओ डिले' बहुधा आवाज आणखी मागे नेतं, पुढे आणत नाही. ते वाढवून पाहण्यात संध्याकाळ घालवू नका.

टीव्हीसाठी खरा उपाय वायर हाच. स्पीकर बिनतारी घ्या, पण टीव्हीजवळच्या मुख्य स्पीकरला एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल किंवा साधी ऑक्स (हेडफोनच्या पिनेची) वायर लावता येते का हे पाहून घ्या.

एआरसी कुठे असतं? आमच्या टीव्हीत आहे का?

एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनंच स्पीकरकडे पाठवायची सोय. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, त्यांतल्या एकावरच एआरसी लिहिलेलं असतं. वायर त्यातच लावायची. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. जास्त क्षमतेचं ईएआरसी २०१७ च्या २.१ सोबत आलं. वायर लावूनही आवाज येत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची गोष्ट (टीव्हीसोबत स्पीकर आपोआप चालू करणारी सोय) बंद असते, ती चालू करा. तरीही नाही आला तर डिजिटल आवाज 'डॉल्बी' किंवा 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या, न आवळलेल्या आवाजावर आणा. दुकानात 'खराब' म्हणून आलेले कित्येक संच एवढ्यावर सुरू झाले आहेत.

आमच्याकडे जुना टीव्ही आणि डीडी फ्री डिश आहे. काही होईल का?

होईल, आणि स्वस्तात. फ्री डिशच्या डब्ब्याला मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीन भोकं असतात. पिवळं चित्राचं, लाल-पांढरं आवाजाचं. लाल-पांढऱ्यापासून ऑक्स पिनेपर्यंतची वायर मिळते, ती स्पीकरला लावा आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज शून्य करा. दोन्ही चालू ठेवले तर घुमल्यासारखं वाटतं. आवाज कमी-जास्त डब्ब्याच्या रिमोटनं होईल. या वाटेनं उशीर जवळजवळ नसतोच. पण वायर जोडीतल्या एकाच स्पीकरला लावली आणि दुसरा बिनतारी राहिला, तर दोघांत अंतर पडतं का ते टाळीच्या व्हिडिओवरच ऐकून पाहा. एका टाळीच्या दोन झाल्या तर एकच स्पीकर वापरा.

ऑक्स वायर लावली की घूं-घूं आवाज येतो.

चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर स्पीकर नीट आहे, घरातलं अर्थिंग नीट नाही किंवा टीव्ही आणि चार्जर मिळून घेरा तयार होतो आहे. पाहताना बॅटरीवर चालवा, चार्ज नंतर करा. चार्जर काढूनही घुमत असेल तर वायर बदला. अर्थिंगचं मात्र खरंच मनावर घ्या. जुन्या घरात ते नसतंच, आणि तो प्रश्न स्पीकरपेक्षा जिवाचा जास्त आहे.

खर्ज वाजला की टिना थरथरतात. काय करावं?

ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा तपासली आहे, आणि दर वेळी थरथरणारी वस्तू वेगळीच निघाली. मोबाइलवर टोन जनरेटर नावाचं ॲप घ्या. आवाज मध्यम ठेवून ४० हर्ट्झपासून सुरू करा आणि हळूहळू २०० पर्यंत न्या. एका आकड्यावर टिन बोलेल, दुसऱ्यावर भांड्यांचं स्टँड, तिसऱ्यावर देवाच्या फोटोची काच. आकडा लिहून ठेवा आणि त्या आकड्यावर थांबून एकेका वस्तूवर हात ठेवा. ज्यावर हात ठेवताच आवाज थांबला ती वस्तू सापडली. टिनाचा जो बोल्ट सैल झालेला असतो किंवा त्याखालचं रबर वाळून तुटलेलं असतं, ते बदलायला किती वेळ लागतो? भांड्यांखाली जुन्या सायकलट्यूबच्या पट्ट्या घाला. पावसाळ्याआधी टिना तपासताच, तेव्हाच हे उरकून घ्या.

दुसरं कारण खोलीचं माप. खोली जेवढी लांब, तेवढ्या मापाचा एक सूर तिच्यात अडकतो. दहा फुटांच्या खोलीत तो सुमारे ५६ हर्ट्झला येतो, बाराच्या खोलीत ४७ ला. दहा बाय दहाची खोली सगळ्यात वाईट, कारण दोन्ही बाजूंनी एकच सूर अडकतो आणि तेवढाच घूऽऽम करून उठतो. स्पीकर कोपऱ्यात असला की हे वाढतं. कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर काढून पाहा, कित्येकदा तेवढ्यानंच भागतं.

कवेलूच्या आणि मातीच्या घरात ही तक्रार फारशी येत नाही. कवेलूंच्या फटीतून आवाज निघून जातो आणि शेणामातीनं सारवलेली भिंत सिमेंटसारखी आवाज परत फेकत नाही. याउलट घरकुलाच्या नव्या खोलीत टाळी वाजवली की टण्ण करून वाजते. पंतप्रधान ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचं कमीत कमी क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, त्यात सामान थोडं, भिंती गुळगुळीत. तिथे समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. वीस शब्दांची परीक्षाही पुन्हा घ्या, आकडा वाढलेला दिसेल.

चांगल्या दराची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवला असेल तेव्हा तीच खोली मऊ वाजते. कापसासारखं आवाज शोषणारं दुसरं काही नाही. म्हणून कापूस घरात असताना केलेली चाचणी नंतर खरी राहत नाही. कापूस गेल्यावर ती परत करा.

चार स्पीकरचा संच घ्यावा की दोन पुरे?

माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक घरांना दोन चांगले स्पीकर आणि एक वायर पुरे. चारचा खरा उपयोग व्हायचा तर समोरचे दोन मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, बसणाऱ्याच्या बाजूला थोडे मागे हवेत. आपल्याकडे खाट भिंतीला लागून असते, मागे जागाच नसते. आणि येणारा आवाज मुळातच दोन वाटांचा (स्टीरिओ, डावा आणि उजवा) असेल तर संच तोच आवाज मागे पसरवतो एवढंच. ओटीटीवरचे सिनेमे तुमच्या टीव्हीत आणि प्लॅनमध्ये पाच वाटांचा आवाज देत असतील, घरात सिनेमाचं वेड असेल, तर चार घ्या. मग प्रत्येक स्पीकर आपलं नाव सांगतो असा चाचणीचा व्हिडिओ लावून डोळे मिटून बोट दाखवा. बोट चुकलं तर मागचे स्पीकर बहुधा उलटे ठेवलेले असतात.

संगीतासाठी काय वाजवून पाहावं?

जे तुम्ही हजार वेळा प्रत्यक्ष ऐकलं आहे ते. खंजिरी भजनासारखी कसोटी मला दुसरी सापडली नाही. खंजिरीत कातड्याची थाप असते आणि बारीक चकत्यांची झणझण असते, दोन्ही एकाच क्षणी. वाईट स्पीकरमध्ये चकत्या तेलात काही तळल्यासारख्या ऐकू येतात, चांगल्यात प्रत्येक झटका सुटा येतो. त्यात गाणाऱ्याचा शब्द तरंगत राहिला पाहिजे. मंडळाचं भजन मंदिरात ऐकलेलं असेल, तेच मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी लावा. दुसरी कसोटी तबल्याचा डग्गा: घासून काढलेला घुमारा वरून खाली सरकताना ऐकू यायला हवा. सगळेच ठोके एकसारखे 'धप्प' आले तर खर्ज खोटा आहे. तिसरी, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाचं रेकॉर्डिंग. वडसा, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडच्या लोकांना हे सांगायला नको. संगीत चालू असताना नट पूर्ण दमानं बोलतो, तेव्हा शब्द आणि साथ वेगळी राहते का पाहा.

मग आवाज निम्म्यावरून पूर्ण वाढवा. छोटा स्पीकर पूर्ण आवाजावर खर्ज आपोआप कापतो, पडदा फाटू नये म्हणून. ढोल एकदम पातळ झाला तर समजा की त्या स्पीकरची मर्यादा तिथे आली, अंगणातल्या कार्यक्रमाला तो पुरणार नाही. अंगणात तसाही भिंतीचा आधार नसतो. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला की खर्ज भरतो.

एलडॅक वगैरे पाहून घ्यावं का?

ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या या वेगवेगळ्या पद्धती आहेत. एसबीसी सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातं, एलडॅक ९९० पर्यंत. फरक आहे, पण मेमरी कार्डात १२८ किलोबिटची गाणी भरलेली असतील तर ती कोणत्याही वाटेनं नेली तरी १२८ चीच राहतात. आधी गाणी चांगली घ्या.

लाईन गेल्यावर किती चालेल? डब्यावर 'वीस तास' लिहिलं आहे.

ते तास बेताच्या आवाजावर मोजलेले असतात. तुमच्या आवाजावर मोजा: पूर्ण चार्ज करा, रोज ठेवता तेवढाच आवाज ठेवा, गाणी फिरती लावा आणि वेळ लिहा. बॅटरीचा अंदाज घ्यायचा तर व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार. ७.४ व्होल्ट आणि २६०० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. नुसता एमएएचचा मोठा आकडा पाहून फसू नका.

आणि एक गोष्ट विकत घेण्याआधी ध्यानात घ्या. लाईन गेली की टीव्हीही जातो. इन्व्हर्टर नसेल तर होम थिएटर तिथेच संपतं, उरतो तो मोबाइल आणि बॅटरीचा स्पीकर. साउंडबारच्या मधल्या पट्टीला बहुधा बॅटरी नसते. निघणारे बाजूचे स्पीकर एकटे ब्लूटूथवर चालतात का, हे दुकानातच प्लग काढून दाखवायला सांगा.

उन्हाळ्यात चार्ज करू नये म्हणतात, खरं का?

भर दुपारी करू नका. लिथियम बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, टिनाखालची खोली दुपारी आधीच तापलेली असते, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता मिसळते. चांगले स्पीकर तेव्हा चार्ज घेणंच थांबवतात. तो बिघाड नाही, शहाणपण आहे. पहाटे चार्ज करा. खिडकीत, ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवून जाऊ नका. बरेच दिवस वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा. अंग फुगलेलं दिसलं, झाकण उचललं गेलं, तर चार्जरला लावूच नका.

आणि हात जोडून सांगतो: कापूस भरलेल्या खोलीत कोणतीही लिथियम बॅटरी चार्ज करू नका. मोबाइलही नाही, स्पीकरही नाही, फवारणीचा पंपही नाही. वर्षाची कमाई त्या ढिगात असते आणि घरातली लेकरं बाजूलाच निजलेली असतात.

रात्री व्होल्टेज फार कमी असतं. स्पीकर खराब होईल का?

अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर मोटरपंप चालू झाल्यावरच्या कमी व्होल्टेजचा त्याला त्रास नाही. भीती लाईन परत येतानाच्या झटक्याची. लाईन गेली की प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

धूळ आणि पावसाचं काय?

'आयपी'नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पहिल्या आकड्याच्या जागी 'एक्स' असेल, जसं आयपीएक्स ४, तर धुळीची हमी दिलेलीच नाही. सोयाबीनच्या थ्रेशरजवळ किंवा जिनिंगच्या आवारात न्यायचा तर पहिला सहा पाहूनच घ्या. भिजल्यावर चार्जिंगची जागा पूर्ण वाळल्याशिवाय पिन लावू नका.

शेजारच्या खोलीत नेला की अडकतो.

दहा मीटर हे मोकळ्या जागेतलं माप. दीड-दोन फुटांची मातीची भिंत ते खाऊन टाकते. माणसाचं अंगही अडवतं, कारण अंगात पाणी आणि पाणी ही लहर शोषतं. फोन मागच्या खिशात ठेवून पाठ फिरवा, कळेल. फोन दाराच्या रेषेत ठेवा.

जागलीवर (रात्रीच्या राखणीला) वावरात नेला तर चालेल का?

रानडुकरं हुसकायला लोक नेतात, मीही नेला आहे. पण ताडोबाच्या आसपास किंवा जंगलाला लागून वावर असेल तर मोठा आवाज लावून स्वतःचे कान बंद करू नका. चाहूल ऐकू येणं तिथे जास्त गरजेचं. स्पीकर धुऱ्यावर दूर ठेवा, स्वतःजवळ नाही.

रात्री किती वाजेपर्यंत वाजवता येतो?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि खाजगी जागेतला आवाज हद्दीवर त्यापेक्षा पाचपेक्षा जास्त वर जाऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीची लेकरं अभ्यासाला बसतात, तेव्हा मी तरी नऊलाच बंद करतो.

विकत घेताना आणि नंतर काय जपावं?

ब्लूटूथ स्पीकरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते. डब्यावर किंवा स्पीकरवर 'आर'नं सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. नागपूरच्या सीताबर्डीतून घ्या की ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. ऑनलाइन घेताना परत घेतात की फक्त बदलून देतात, हे आधी वाचा. वरच्या चाचण्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरका: पहिल्या रात्री वीस शब्द आणि टाळी, दुसऱ्या दिवशी बॅटरी, तिसऱ्या दिवशी टिना. मुदत निघून गेल्यावर माझ्याकडे आलेल्या संचाचं मी फार काही करू शकत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

मुलं पुण्याला असतात. घरी फक्त माय असते, तिला हे जमेल का?

जमेल असंच लावून द्या. मुख्य स्पीकर वायरनं जोडा आणि सीईसी चालू ठेवा, म्हणजे टीव्ही लावला की स्पीकर आपोआप जागा होतो आणि एकाच रिमोटवर आवाज चालतो. उशाशी ठेवायचा दुसरा स्पीकर चालू केल्यावर आपोआप जोडला जातो का, हे दहा वेळा बंद-चालू करून पाहा. दहापैकी एकदाही अडला तर तो संच तिच्यासाठी घेऊ नका, कारण तो दिवस तिचा मुका जाईल आणि ती तुम्हाला फोन करून सांगणारही नाही. चालू करायच्या बटणावर नेलपेंटचा एक लाल ठिपका द्या, आवाज वाढवायच्या बटणावर दोन. मग तुम्ही खोलीबाहेर थांबा आणि तिला एकटीला सगळं करू द्या, बातम्या लागेपर्यंत.